परदेशी शिपाई आणि यजमान देशाची कैद : हैदराबादचा अनुभव

एका देशाचा शिपाई दुसऱ्या देशाच्या भूमीवर कैदेत पडला, तर त्याला कोणता कायदा लागू होतो? त्याला कोठे ठेवले जाते? त्याच्या अन्नाची, भाषेची व सुटकेची काळजी कोण वाहतो? या प्रश्नांची चर्चा सहसा युरोप, जपान किंवा अमेरिका यांच्या संदर्भात होते. तथापि दख्खनच्या भूमीवर, विशेषतः हैदराबाद शहरात, हे प्रश्न दीडशे वर्षे वेगवेगळ्या रूपांत उभे राहिले. फ्रेंच, इंग्रज आणि अरब अशा तीन प्रकारच्या परदेशी शिपायांचा हैदराबादशी संबंध आला आणि तिघांच्या वाट्याला तीन निराळ्या प्रकारची वागणूक आली. या फरकाची कारणे समजून घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

फ्रेंच पलटणींचे निःशस्त्रीकरण

अठराव्या शतकाच्या अखेरीस निजाम अली खान यांच्या सैन्यात फ्रेंच अधिकाऱ्यांच्या हाताखालील सुमारे 14,000 शिपायांची फौज होती. तिचा सेनापती रेमंड हा मार्च 1798 मध्ये मरण पावला. त्याची कबर आजही हैदराबादेत आहे आणि मुसारामबाग हे वस्तीचे नाव त्याच्याच नावाचा अपभ्रंश मानले जाते. त्याच वर्षी निजाम व ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात तैनाती फौजेचा तह झाला. फ्रेंच अधिकाऱ्यांना काढून टाकणे ही त्यातील प्रमुख अट होती.

ऑक्टोबर 1798 मध्ये ही फौज बरखास्त करण्याचा हुकूम निघाला. तेव्हा थकलेल्या पगारासाठी शिपायांनी बंड केले आणि आपल्याच फ्रेंच अधिकाऱ्यांना अडकवून ठेवले. या अधिकाऱ्यांना अखेर इंग्रजांच्या ताब्यात जाण्यातच सुरक्षितता वाटली. त्यांची खाजगी मालमत्ता राखण्याचे आश्वासन देण्यात आले व त्यांना कलकत्त्यामार्गे युरोपकडे रवाना करण्यात आले. ते ज्या राज्याचे नोकर होते, त्या राज्याला मात्र त्यांच्या भवितव्याबाबत फारसे बोलण्यास जागा उरली नव्हती.

इंग्रज शिपाई : स्वतःचा तुरुंग

या तहानंतर कंपनीची फौज निजामाच्या राज्यात कायमची राहू लागली. हुसेनसागरच्या उत्तरेस उभ्या राहिलेल्या छावणीला 1806 मध्ये सिकंदर जाह यांच्या नावावरून सिकंदराबाद हे नाव मिळाले. भूमी निजामाची, पण छावणीतील शिपायावर हुकमत कंपनीची, अशी ही व्यवस्था होती. गोऱ्या शिपायाने गुन्हा केल्यास त्याचा न्याय त्याचे लष्करी न्यायालयच करी. निजामाच्या काझीसमोर किंवा कोतवालासमोर तो उभा राहत नसे.

1857 नंतर सिकंदराबादची छावणी अधिक बळकट करण्यात आली. त्याच वर्षी 17 जुलै रोजी तुर्रेबाज खान व मौलवी अलाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली हैदराबादच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला होता. तुर्रेबाज खान मारले गेले आणि मौलवी अलाउद्दीन यांना अंदमानला पाठविण्यात आले. येथील भूमिपुत्राला समुद्रापार काळ्या पाण्याची शिक्षा भोगावी लागली. उलट समुद्रापलीकडून आलेल्या गोऱ्या शिपायासाठी त्रिमुलघेरी येथे स्वतंत्र लष्करी तुरुंग उभा राहिला. किल्ल्यासारख्या बांधणीची ही इमारत आज शहराच्या वारशात गणली जाते. तेथील कैद सुखाची होती असे नाही. लष्करी शिस्त कठोर होती आणि हवामान युरोपीय माणसाला न मानवणारे होते. परंतु पहारेकरी, भाषा, अन्न व धर्मोपदेशक सारे कैद्याच्या ओळखीचे होते. यजमान राज्याच्या तुरुंगाचा उंबरठा त्याला ओलांडावा लागत नसे.

अरब जमादार : तुरुंग चालविणारे शिपाई

तिसरा वर्ग अरबांचा होता. हे लोक प्रामुख्याने येमेनच्या पूर्वेकडील हद्रमौत प्रदेशातून आले. पेशवे, नागपूरकर भोसले व निजाम या सर्वांच्या पदरी अरब शिपाई होते. 1818 नंतर मराठी राज्ये मोडल्यावर हैदराबाद हाच त्यांचा प्रमुख आश्रय राहिला. त्यांचे जमादार सरदारांना व खुद्द सरकारला कर्ज देत आणि कर्ज थकल्यास ऋणकोला स्वतःच्या वाड्यात कोंडून ठेवीत. म्हणजे येथे परदेशी शिपाई कैदी नसून कैद करणारा होता.

1853 मध्ये दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंग यांनी ही खाजगी कैद मोडून काढली. अरबांच्या खटल्यांसाठी वेगळी न्यायव्यवस्था करण्यात आली, त्यामुळे त्यांच्या रीतिरिवाजांचाही मान राहिला. परदेशी शिपायाला कायद्याबाहेर न ठेवता आणि त्याचा अपमानही न करता कायद्याखाली आणता येते, याचे हे उदाहरण होय. पुढे हे लोक येथेच स्थिरावले, त्यांनी स्थानिक स्त्रियांशी विवाह केले आणि त्यांची मुले दख्खनी बोलू लागली. बारकस ही वस्ती 'बॅरॅक्स' या शब्दाचीच खूण आहे.

1948 : नोकर परदेशी ठरतो

13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले आणि पाच दिवसांत निजामाच्या सैन्याने शरणागती पत्करली. मेजर जनरल जे. एन. चौधरी लष्करी गव्हर्नर झाले. त्यानंतर अनियमित फौजांतील अरब, पठाण व रोहिले यांना निःशस्त्र करण्यात आले. परदेशी म्हणून त्यांच्यापैकी अनेकांना स्थानबद्ध करण्यात आले आणि मायदेशी पाठविण्याची योजना आखण्यात आली. कालपर्यंत जे राज्याचे नोकर होते, ते आज त्याच भूमीवर परके ठरले.

येथे खरी अडचण उभी राहिली. मायदेश कोणता? अनेकांचा जन्मच हैदराबादचा होता. काहींनी हद्रमौत कधी पाहिलेही नव्हते. शिवाय 1948–49 मध्ये हद्रमौतमध्ये भीषण दुष्काळ होता. हैदराबादहून जाणाऱ्या पैशांवर जगणाऱ्या गावांना परतलेल्या माणसांना पोसणे अवघड होते. तो प्रदेश ब्रिटिश संरक्षणाखाली असल्याने या लोकांच्या बाजूने बोलणारे स्वतःचे स्वतंत्र सरकारही नव्हते. काही जण पाठविले गेले, तर अनेक जण येथेच राहिले. 26 जानेवारी 1950 रोजी अंमलात आलेल्या राज्यघटनेच्या पाचव्या अनुच्छेदाने भारतात अधिवास असलेल्या आणि येथे जन्मलेल्या, किंवा आई-वडिलांपैकी एकाचा जन्म येथे झालेल्या, किंवा निदान पाच वर्षे येथे सामान्यपणे राहिलेल्या व्यक्तीला नागरिक मानले. पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेल्या अरब कुटुंबांच्या दृष्टीने हा अनुच्छेद अत्यंत मोलाचा ठरला.

आजची व्यवस्था

दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशी तळांवरील शिपायांसाठी देशादेशांत करार झाले. 1951 चा नाटो करार हा त्यांचा नमुना होय. शिपायाने कर्तव्य बजावताना केलेल्या गुन्ह्यावर त्याच्या देशाचा, तर अन्य बहुतेक गुन्ह्यांवर यजमान देशाचा प्रथम अधिकार, असे त्याचे ढोबळ सूत्र आहे. सप्टेंबर 1995 मध्ये ओकिनावात तीन अमेरिकी सैनिकांनी एका शाळकरी मुलीवर अत्याचार केला. आरोपपत्र होईपर्यंत ते अमेरिकेच्याच ताब्यात राहिले, म्हणून तेथे मोठे आंदोलन झाले. पुढे जपानी न्यायालयाने त्यांना सुमारे सात वर्षांपर्यंतच्या शिक्षा दिल्या. फिलिपिन्समध्ये 2015 साली दोषी ठरलेल्या अमेरिकी सैनिकाला मात्र सामान्य तुरुंगाऐवजी लष्करी छावणीतील स्वतंत्र जागेत ठेवण्यात आले आणि 2020 मध्ये त्याला माफी मिळाली.

भारतालाही हा अनुभव आला. फेब्रुवारी 2012 मध्ये केरळच्या किनाऱ्याजवळ दोन मच्छिमार इटालियन नौसैनिकांच्या गोळीबारात मरण पावले. अटकेतील दोन नौसैनिकांसाठी इटलीचे सरकार प्रत्येक पायरीवर उभे राहिले. त्यांना जामीन मिळाला, तसेच नाताळासाठी मायदेशी जाण्याची परवानगीही मिळाली. आंतरराष्ट्रीय लवादाने 2020 मध्ये खटल्याचा अधिकार इटलीचा ठरविला व भारताला भरपाईचा हक्क दिला. 10 कोटी रुपये जमा झाल्यावर सर्वोच्च न्यायालयाने जून 2021 मध्ये हे प्रकरण बंद केले.

निष्कर्ष

उपरोक्त उदाहरणांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. परदेशी शिपायाला कैदेत कशी वागणूक मिळेल, हे त्याच्या गुन्ह्यापेक्षा त्याच्या पाठीशी कोणते सरकार उभे आहे यावर अधिक ठरत आले आहे. इंग्रज शिपायाला स्वतंत्र तुरुंग मिळाला. गुन्हा नसलेल्या अरबाला मात्र केवळ परका म्हणून स्थानबद्धता मिळाली.

ही विषमता कमी करण्याचे साधन म्हणजे सर्वांना सारखे लागू होणारे नियम. 1963 च्या व्हिएन्ना कराराने अटकेतील परदेशी व्यक्तीला आपल्या वकिलातीशी संपर्काचा हक्क दिला. भारताने 2003 मध्ये कैद्यांच्या प्रत्यावर्तनाचा कायदा केला, त्यामुळे करार असलेल्या देशांचे कैदी उर्वरित शिक्षा मायदेशी भोगू शकतात. संयुक्त राष्ट्रांच्या 2015 च्या नेल्सन मंडेला नियमांनी तर ज्यांचा कोणताच देश नाही, अशा कैद्यांनाही त्यांच्या हिताचे रक्षण करणाऱ्या संस्थांशी संपर्काची सोय असावी असे सांगितले आहे. 1948 मध्ये हैदराबादच्या छावण्यांत बसलेल्या माणसांना नेमकी याच तरतुदीची गरज होती. ज्याच्यासाठी कोणीही बोलणारे नाही, अशा कैद्याशी एखादे राज्य कसे वागते, हीच त्या राज्याच्या न्यायबुद्धीची खरी कसोटी आहे.