कापलेल्या हाडाला विचारायचं काय?

‘झिजला म्हणूनच खुबा बदलला, मग काढलेलं हाड तपासायला कशाला पाठवलं?’ बिल हाती पडल्यावर एका वाचकाला पडलेला हा प्रश्न रास्त आहे.

मांडीच्या हाडाचा लिंबाएवढा माथा प्रयोगशाळेत करवतीने चिरतात. शाबूत कूर्चा शहाळ्याच्या मलईसारखी पांढरी. झिजल्या जागी ती पार गेलेली, खालचं हाड घासून हस्तिदंतासारखं चकचकीत. एवढं नुसत्या डोळ्यांनीही दिसतं. पुढे चकती आम्लात मुरवून चुना उतरवायचा, मेणात बसवायची, मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढा पातळ काप काढायचा. इतक्या खटाटोपानंतर रिपोर्ट बहुधा तोच: झीज.

बॉस्टनच्या डॉक्टरांनी 2000 साली खुब्याच्या आणि गुडघ्याच्या अशा 1,234 नमुन्यांचा हिशेब मांडला. 97.6 टक्क्यांत सर्जनचं निदानच खरं ठरलं. 2.3 टक्क्यांत निदान वेगळं निघालं, पण उपचार तेच राहिले. उपचार बदलावे लागले ते एकाच रुग्णाचे. एका तपासणीचा खर्च शंभरेक डॉलर, म्हणजे त्या एका रुग्णामागे सव्वा लाखाच्या आसपास.

मग ही प्रथा पडली कुठून? अमेरिकेत 1920 च्या दशकात तिचा आग्रह धरला गेला, तो थोडा सर्जनवर पहारा म्हणूनही. धडधाकट अपेंडिक्स काढलं, तर ते स्लाइडवर उघडं पडायचं.

इथे मला बॉस्टनचाच सर्जन अर्नेस्ट कॉडमन आठवतो. हाडांच्या गाठींच्या एक्स-रेवरचा ‘कॉडमनचा त्रिकोण’ डॉक्टरांना पाठ असतो, माणूस मात्र विस्मरणात गेला. ऑपरेशननंतर वर्षाने रुग्ण कसा आहे, हे कार्डावर लिहा, असा त्याचा हेका. स्वतःच्या 337 रुग्णांमधल्या 123 चुका त्याने छापून टाकल्या! सहकारी अर्थातच बिथरले. थडग्यावर त्याच्या नावाचा दगड लागला तो 2014 मध्ये. त्याने या तपासणीलाही हेच विचारलं असतं: रुग्णाचं पुढे काय बदललं?

माझं मत सरसकट तपासणीच्या विरोधात झुकतं. पण त्या 2.3 टक्क्यांवर इतक्या सहज काट मारू नये. रक्तपुरवठा तुटून मेलेल्या हाडाचा पांढुरका, पाचरीसारखा भाग चिरल्यावर दिसला, तर बदललेल्या खुब्याला फरक पडत नाही. दुसऱ्या खुब्याला पडू शकतो, कारण स्टेरॉइड किंवा दारूमुळे होणारा हा आजार बऱ्याचदा दोन्ही बाजूंना गाठतो. तेव्हा माथा थिएटरमध्येच चिरून बघावा, खटकलं तर पाठवावा. आणि बसवलेला सांधा जंतुसंसर्गाच्या संशयाने पुन्हा उघडला असेल, तर तिथे मात्र पैशाचा विचार न करता ऊतींचे नमुने पाठवावेत.