दोन्ही बाजूंना चिप असलेली द्या

आमचा डेस्कटॉप २०१० सालचा, रॅम दोन जीबी. बँकेची साइट उघडेपर्यंत चहा उकळून होतो. म्हणून लॅमिंग्टन रोडवरून चार जीबीची डीडीआर-३ पट्टी आणली, डबा उघडला (घरोघरी ज्याला ‘सीपीयू’ म्हणतात तो), पट्टी बसवली, बटण दाबलं. पंखा फिरला, पण स्क्रीन काळीच. आतून लांब लांब बीप.

अशा वेळी पहिला संशय दुकानदारावर जातो. तो जरा बाजूला ठेवावा. बहुतेकदा पट्टीच नीट बसलेली नसते. कडेच्या खिट्ट्या ‘टक’ करून मिटाव्या लागतात आणि त्यासाठी अंगठ्यांचा जोर लागतो तो छातीत धस्स होण्याइतका. पट्टीचे सोनेरी दात काळवंडले असतील तर वायर काढून, डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावून मग पांढऱ्या खोडरबराने हलके पुसायचे. उपाय आजीबाईच्या बटव्यातला वाटतो, पण चालतो. खाचच जुळत नसेल तर मात्र जोर नको. डीडीआर-२ आणि डीडीआर-३ दोन्हींना पिना २४०च, पण एकीला १.८ व्होल्ट लागतात, दुसरीला १.५. चुकीची पट्टी बसूच नये म्हणून खाच मुद्दाम सरकवलेली असते.

माझी खाच जुळत होती, खोडरबरही झिजवून झालं. जुनी पट्टी एकटी चाले, नवी एकटी दोन्ही स्लॉटांत गप्प. म्हणजे नवी खराब? शेजाऱ्यांच्या नव्या मशीनवर तीच पट्टी सुरळीत चालली.

खरी गोम मदरबोर्डावरच्या जी४१ चिपसेटमध्ये होती. त्या काळच्या या मशीनांत रॅमचा कारभार प्रोसेसरकडे नाही, चिपसेटकडे असे. जी४१ एकूण आठ जीबी घेतो, पण एकेक चिप दोन गिगाबिटपर्यंतचीच ओळखतो. चार जीबीची पट्टी दोन प्रकारे बनते: दोन गिगाबिटच्या सोळा चिप किंवा चार गिगाबिटच्या आठ. मोठ्या चिपमधल्या जागा दुप्पट, त्यामुळे पत्त्यात एक आकडा जास्त; तो या चिपसेटच्या हिशेबातच नाही. माझ्या पट्टीवर आठच चिप होत्या, एकाच बाजूला. वेष्टनावर हे कुठेच छापलेलं नव्हतं. दुकानातल्या पोऱ्याला मात्र तोंडपाठ. बोर्डाचं नाव ऐकताच तो म्हणाला, “काका, तुम्हाला दोन्ही बाजूंना चिपवाली लागेल.” पट्टी बदलून दिली, वर ही वापरलेली म्हणून शंभर रुपये कमीच घेतले.

आता बीप नाही. रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर चालवलं, एकही चूक नाही. विंडोज मात्र सांगतं, सहा जीबी आहेत, वापरण्याजोगे ३.२५. कारण विंडोज ३२ बिटचं. त्याच्या चार जीबीच्या मर्यादेतलीच काही जागा ग्राफिक्स आणि इतर भाग अडवून बसतात. प्रोसेसर ६४ बिटचा आहे, पण ३२ वरून ६४ वर थेट उडी नाही, सगळं नव्याने टाकावं लागतं. त्याआधी धाकटीच्या बारशापासूनचे फोटो बाहेर काढायचे आहेत. पेन ड्राइव्ह शोधतोय.