‘त्याचा’ म्हणजे कोणाचा?

गेल्या पावसाळ्यात आमच्या भाईंदरच्या सोसायटीत एका सर्वनामावरून दोन शेजाऱ्यांचे बोलणे बंद झाले. भांडण गळतीचे, असे सारे म्हणत. पण मी पडले मराठीची बाई, मला दुखणे व्याकरणाचे वाटले. चिटणीसांनी फळ्यावर लावलेली नोटीस अशी होती : ‘ज्या सभासदाच्या घरातून खालच्या सभासदाच्या घरात पाणी गळते, त्याने त्याचा खर्च द्यावा.’

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी प्लंबर बोलावला, न्हाणीघरातला पाइप बदलून घेतला आणि ते मोकळे झाले. त्यांच्या लेखी ‘त्याचा’ म्हणजे पाणी गळण्याचा! दुसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या छताचे पोपडे मात्र तसेच लोंबत राहिले. त्या म्हणत, ‘त्याचा’ म्हणजे खालच्या सभासदाचा. तेव्हा गिलावा आणि रंगही वरच्यांनीच करून द्यायचा. पेन्शनीवर चालणाऱ्या घरात हा हिशेब थट्टेचा नसतो. “बाई, तुम्हीच सांगा,” म्हणत दोघेही माझ्याकडे आले. अर्थात वेगवेगळ्या वेळी.

नामाऐवजी येतो तो शब्द सर्वनाम, असे आपण शाळेत घोकलेले असते. ही व्याख्या वाटते तितकी भरवशाची नाही. पीटर गीच या इंग्रज तर्कशास्त्रज्ञाने १९६२ साली आपल्या पुस्तकात एक वाक्य चर्चेला घेतले, ते आपल्या भाषेत असे : ‘ज्या शेतकऱ्याजवळ गाढव असते, तो त्याला मारतो.’ आता ‘त्याला’ म्हणजे कोणत्या गाढवाला? नाव घेऊन दाखवावे असे एकही गाढव तिथे नाही. ‘शेतकरी गाढवाला मारतो’ असे म्हणावे, तर ज्याचे त्याचे गाढव हा अर्थच निसटतो. बिचाऱ्या गाढवाने तेव्हापासून मार खाल्ला, आणि पंडितांची सोय झाली.

उत्तर एका अनपेक्षित दिशेने आले. बर्ट्रंड रसेल यांनी गणितातल्या विसंगती दूर करण्यासाठी १९०८ साली प्रकारांचा सिद्धान्त मांडला. प्रत्येक वस्तू कोणत्या ना कोणत्या प्रकारात बसली पाहिजे, हे त्याचे सूत्र. स्वीडनच्या पेर मार्टिन-लॉफ यांनी १९७० नंतरच्या दशकात त्याला नवे रूप दिले आणि फिनलंडच्या आर्ने रांटा यांनी १९९४ साली ते व्याकरणाला लावले.

कल्पना पुडाच्या डब्यासारखी आहे. ‘शेतकऱ्याजवळ गाढव असते’ हे खरे ठरवायचे, तर हाती काय लागते? एका पुडात शेतकरी, दुसऱ्यात गाढव आणि तिसऱ्यात ‘हे गाढव ह्याचे’ ही हकीकत. पुढचे सर्वनाम नामाची जागा घेत नाही. ते डबा उघडून आपल्याला हव्या त्या प्रकारचा पूड उचलते. ‘त्याच्याकडे गाढव नाही, ते काळे आहे’ हे बोलणे वेडगळ वाटते, कारण तिथे डब्यात गाढवच भरलेले नाही.

आमच्या नोटिशीचा डबा चार पुडांचा होता : वरचा सभासद, खालचा सभासद, पाणी, आणि ते गळते ही गोष्ट. ‘त्याने’ कोणी, याचा वाद नव्हता. मराठीत ‘ज्या’ची गाठ ‘त्या’शी पक्की असते. ‘त्याचा’मध्ये वरचे काका सहसा येत नाहीत; तिथे आपण ‘स्वतःचा’ म्हटले असते. उरले तीन पूड. त्यातून आपली मराठी अशी लबाड, की तो आणि ते या दोघांचेही ‘त्याचा’ होते. म्हणजे लिंगही साक्षीला येत नाही. काकांनी चौथा पूड उचलला, आजींनी दुसरा. चिटणीसांनी ‘त्याला भरपाई द्यावी’ लिहिले असते तर निकाल लागला असता. भरपाई माणसालाच देतात. पाण्याला कोण देणार? खर्च मात्र माणसाचाही असतो आणि कामाचाही. प्रकार तिथे हात टेकतात.

हे सारे मी आजींना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “मग पोपड्यांचे काय?”

शेवटी नोटीस मीच लिहून दिली : ‘ज्या सभासदाच्या घरातून पाणी गळते, त्याने पाइपदुरुस्तीचा आणि खालच्या घराच्या छताच्या गिलाव्या-रंगाचा, असे दोन्ही खर्च द्यावेत.’ दसऱ्याच्या आत आजींचे छत पांढरेशुभ्र झाले. खाली चिटणीसांनी आपल्या हाताने एक ओळ जोडली होती : ‘हे आपण मान्य केले आहे.’

काका चष्मा पुसत फळ्यासमोर बराच वेळ उभे होते. मला पाहून म्हणाले, “बाई, यातले ‘आपण’ म्हणजे मी, की आपण सगळे?”