शिक्का सुनेकडे, राम राम सासऱ्याला

मार्च २०२४ मध्ये पोलीस पाटलांचं मानधन साडेसहा हजारांवरून पंधरा हजार झालं. त्यानंतर हरसूलच्या बाजारात भेटलेले एक मास्तर मला म्हणाले, "आमच्या गावात पंधरा हजार सुनेला मिळतात आणि राम राम सासऱ्याला." एवढ्या एका वाक्यासाठी मी त्या गावाला गेलो, आणि मग जात राहिलो.

त्र्यंबकचं देऊळ, कालसर्प शांतीच्या पाट्या आणि गाड्यांची रांग मागे टाकून हरसूलच्या रस्त्याला लागलं की तालुका एकदम निराळा होतो. भात, नागली, वरई; महादेव कोळी, कोकणा, वारली, ठाकर अशी वस्ती; आणि कापणी आटोपली की निम्मं गाव गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात, तिथून द्राक्षबागांत. असल्याच एका गावात त्या सूनबाई, म्हणजे पाटीलताई, राहतात. वय पस्तिशीच्या आसपास, शिक्षण बारावी. ऐंशी गुणांची लेखी आणि वीस गुणांची तोंडी परीक्षा देऊन, प्रांतांच्या सहीनं त्या पोलीस पाटील झाल्या. शेजारच्या गावची जागा रिकामी आहे, म्हणून तिथला अतिरिक्त कार्यभारही त्यांच्याकडेच.

कामाचा बराचसा भाग कागदाचा. रहिवासी दाखला, वर्तणुकीचा दाखला, बीट अंमलदार आले की भेटवहीत त्यांची सही, सणावाराला बंदोबस्त, निवडणुकीला मतदान केंद्रावर हजेरी. हे सगळं त्या भाकरी थापता थापता, एका हाताला पीठ आणि दुसऱ्या हातात शिक्का, असं उरकतात.

पण दाराच्या खुंटीला त्यांची एक कापडी पिशवी आहे आणि तिच्याकडे माझी नजर पुन्हा पुन्हा जायची. आत दाखल्यांचं पुस्तक, शिक्का, शाईचं पॅड, बॅटरी, आणि उदबत्तीचे दोन पुडे. उदबत्ती कशाला, विचारलं तर म्हणाल्या, "मयताला." गावात कुणी विहिरीत सापडलं, गळफास घेतला, साप चावून शेतातच गेलं, की ठाण्याला वर्दी द्यायची ती पोलीस पाटलानं. आणि पंचनामा होईपर्यंत प्रेताला कुणी हात लावणार नाही, कुत्री येणार नाहीत, हेही बघायचं पोलीस पाटलानंच. रात्री वर्दी दिली आणि पावसात रस्त्यावर पाणी आलं, तर गाडी सकाळीच पोचते. पहिल्या वेळी त्या रात्रभर विहिरीच्या कठड्याजवळ नवऱ्याला सोबत घेऊन बसल्या. दोन दिवसांचं प्रेत होतं. तेव्हापासून पुडे पिशवीत असतात. "पंधरा हजारांत उदबत्ती धरलीये का, कुणाला विचारायचं?" असं म्हणून हसल्या. मला हसता आलं नाही. त्या ओसरीवर शेणाचा, धुराचा आणि त्या बंद पुड्यांचा मिळून एक वास असतो. तो पुढे देवळातल्या उदबत्तीलाही यायला लागला.

आबा, म्हणजे त्यांचे सासरे, ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बसतात. येणारा माणूस आधी त्यांच्याकडे वळतो, राम राम घालतो, टेकतो, पावसाचं बोलतो, आणि मग दाखल्यासाठी आत हाक मारतो. आबांच्या आजोबांकडे गावची पाटीलकी वतनानं होती. सारा गोळा करायचा, तंटे तोडायचे, त्याबदल्यात वतनाची जमीन. १८७४ च्या मुंबईच्या वतन कायद्यानं सरकारनं ही व्यवस्था आपल्या वहीत बांधून घेतली, आणि १ जानेवारी १९६३ पासून महाराष्ट्रानं वंशपरंपरेची पाटीलकी बंद केली. पुढे १९६७ चा ग्रामपोलीस कायदा आला आणि नेमणुकीचा, मानधनाचा पोलीस पाटील अस्तित्वात आला. आबा तेव्हा लहान होते. स्वतः ते कधीच सरकारी पाटील नव्हते. तरी वाघबारशीला वाघदेवापुढचा पहिला नारळ त्यांचा, सोयरीक जुळवताना मधल्या जागेवर तेच, आणि बांधाच्या भांडणात दोन्हीकडचे त्यांच्याच पायरीशी येतात. आजूबाजूच्या राजांबद्दल ते शेजाऱ्यांबद्दल बोलावं तसं बोलतात: घाटाखाली जव्हारला मुकण्यांचं कोळी राज्य होतं, ते १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं, पलीकडे पेठच्या राजघराण्यातल्या एकाला १८५७ च्या बंडात इंग्रजांनी फासावर दिलं. राजे गेले, वतनदार गेले, ओसरी राहिली, असा त्यांचा एकूण सूर.

त्यावर मी त्यांना घानातल्या अकान लोकांबद्दल सांगितलं. तिथं गावप्रमुखापासून थेट आशांतीच्या राजापर्यंत उतरंड अजून शाबूत आहे. गादीऐवजी लाकडी चौरंगासारखं आसन असतं. वारसा आईकडून चालतो, आणि गादीसाठी नाव सुचवण्याचा मान राजमातेचा. वागणूक बिघडली तर प्रमुखाला आसनावरून उतरवताही येतं. १९९२ च्या राज्यघटनेनं त्यांचं पद राखलं आणि पक्षीय राजकारण त्यांना बंद केलं. आसनाच्या मालकीच्या जमिनीचं उत्पन्न येतं, त्यातला व्यवस्थापनाचा दहा टक्के खर्च वजा करून उरलेल्यातले पंचवीस टक्के थेट आसनाला मिळतात. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "म्हणजे जमीन काढून नाही घेतली?" आतून पाटीलताईंनी विचारलं, "नाव बाई सुचवते? मग बसते का कधी?" बायका बसल्याचे दाखले आहेत, पण बहुतेक पुरुषच बसतात, हे मी सांगितलं. "तेच," म्हणून त्या परत चुलीकडे वळल्या.

ओसरीवरच्या न्यायाचं मला सुरुवातीला फार कौतुक वाटायचं. बांधाचं भांडण तालुक्याच्या कोर्टात गेलं तर दोन पिढ्या खातं. आबा ते एका दुपारी मिटवतात, दोघांनाही थोडं थोडं नमवतात, चहा पाजून घरी पाठवतात. २००७ मध्ये सरकारनं महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम काढली, समितीचा निमंत्रक पोलीस पाटलाला केलं, तेव्हा सरकारनं याच ओसरीची नक्कल केली असं म्हणता येईल.

पण एका सकाळी एक बाई कपाळाला फडकं बांधून आली. नवऱ्यानं लाकडानं मारलं होतं. मागोमाग नवरा, त्याचा भाऊ आणि गावातले चार जाणते. आबांनी नवऱ्याला सगळ्यांसमोर झाडला, पाचशे रुपये दंड सांगितला, बायकोच्या पाया पडायला लावलं. त्यांच्या रीतीनं ही मोठीच शिक्षा होती. जाणत्यांनी माना डोलावल्या. गावातलं गावात मिटलं. बाई मात्र उठली नाही. ती दाराकडे बघत होती.

पाटीलताई पिशवी घेऊन बाहेर आल्या. "बाबा, तुमचं झालं असेल तर मी हिला दवाखान्यात नेते. डोकं फुटलंय. वर्दी द्यावी लागते मला." कुणीतरी पुटपुटलं, घरातलं भांडण ठाण्यात कशाला. आबा काही बोलले नाहीत. सुपारी कातरत राहिले. त्यांच्या न बोलण्यात राग होता की मोकळीक, मला कळलं नाही. पण त्यांनी 'नको' म्हटलं असतं तर बाहेरचा एकही माणूस वाटेतून हलला नसता, हे मला नक्की कळलं. सुनेच्या शिक्क्याला वाट सासऱ्याच्या राम रामामुळे मिळते, आणि राम रामाच्या न्यायात फुटलेल्या डोक्याला टाके नसतात. दोन्हीतलं एक निवडायची पाळी आली तर मी शिक्का निवडीन. दंडाचे पाचशे त्या बाईला मिळालेच नाहीत, ते गावदेवाच्या डब्यात गेले.

त्या दुपारी पाटीलताई दवाखान्यातून ठाण्यात आणि तिथून शेवटच्या जीपनं घरी आल्या. भाडं पदरचं. रात्री हिशेब मांडताना पुन्हा पंधरा हजारांचा विषय निघाला. ते दर महिन्याला वेळेवर पडत नाहीत. पडतात तेव्हा आधी किराणा दुकानदाराची उधारी फिटते. रुबाबाचं म्हणाल तर गावात कुणी त्यांना पाटील म्हणतच नाही. पाटील म्हटलं की आबा. त्या 'पाटीलताई', तेही मास्तरांनी सुरू केलं म्हणून.

सरपंचकीची निवडणूक आली की दोन्ही गट आबांना व्यासपीठावर न्यायला बघतात. सुनेला ती मुभा नाही. पोलीस पाटलानं प्रचारात दिसायचं नसतं. आबा जातात आणि दोन्हीकडचे हार घालून घेतात. सून त्या दिवशी घरातच थांबते, उगाच कुणी फोटो काढायला नको.

आता सिंहस्थ तोंडावर आहे. त्र्यंबकला ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी ध्वजारोहण, आणि तिथून पुढे बंदोबस्त. तालुक्यातल्या पोलीस पाटलांना कामाला लावणार, हे पाटीलताईंनी धरूनच ठेवलंय. ऑक्टोबरअखेर म्हणजे ऐन भातकापणी. माणसं कुठून आणायची, यावर घरात चर्चा चालली होती. आबा म्हणाले, मी हाक मारली तर चार घरं येतील कापायला. "येतील," पाटीलताई म्हणाल्या, "पण त्यांना जेवायला कोण घालणार? मी तर त्र्यंबकला असणार." आबांनी लेकाकडे बघितलं. लेकानं विळ्याची धार बघितली आणि म्हणाला, "बघू, अजून वेळ आहे."