बघ्यांचं सेंट अँड्र्यूज

१८७६ च्या सप्टेंबरअखेरीस सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर डेव्हिड स्ट्रॅथ गोल्फची ओपन स्पर्धा जिंकायच्या बेतात होता. चौदाव्या होलवर त्याने मारलेला चेंडू समोरून खेळत येणाऱ्या गावातल्या एका माणसाला जाऊन लागला आणि तो माणूस आडवा झाला. स्ट्रॅथचं चित्त ढळलं ते ढळलंच. पुढे सतराव्या होलवर त्याचा चेंडू ग्रीनजवळच्या कुणाला तरी लागून तिथेच थांबला. तो थांबला नसता तर मागच्या रस्त्यावर गेला असता, म्हणून तक्रार झाली. स्ट्रॅथ आणि बॉब मार्टिन यांची बरोबरी झाली होती, पण तक्रारीचा निकाल लावायच्या आधीच पंचांनी निर्णायक फेरी खेळायला सांगितलं. स्ट्रॅथने ते साफ नाकारलं. मार्टिन एकटाच मैदानावरून चालून आला आणि विजेता ठरला.

स्पर्धा चालू असताना गावकरी मैदानात काय करत होते, असा प्रश्न आज कुणालाही पडेल. त्या काळच्या सेंट अँड्र्यूजमध्ये तो कुणी विचारला नसता. मैदान गावाचं होतं. त्याच आठवड्यात राजपुत्र लिओपोल्ड रॉयल अँड एन्शंट क्लबच्या कॅप्टनपदाची सूत्रं घ्यायला आले होते, गाव पाहुण्यांनी फुललं होतं, आणि ओपनसाठी मैदान राखून ठेवायचं असतं हे कुणाच्या गावीही नव्हतं. खेळणारे, फिरणारे आणि बघणारे सगळे एकाच गवतावर होते.

ओल्ड कोर्सचा इतिहास सहसा विजेत्यांच्या नावांनी सांगितला जातो. कडेला उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूने तो पाहिला की वेगळा दिसतो. या माणसाचा मैदानावरचा हक्क स्पर्धेपेक्षा तीनशे वर्षांनी जुना आहे. १५५२ मध्ये आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांनी सनद दिली तेव्हा इथे ससे पाळण्याची परवानगी घेतानाच लोकांचा गोल्फ आणि इतर खेळ खेळण्याचा हक्क मान्य केला. अठराव्या शतकाच्या शेवटी नगरपालिका कर्जात बुडाली, जमीन हातची गेली आणि सशांच्या व्यापाऱ्यांनी तिथे इतके ससे सोडले की गोल्फ खेळणाऱ्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली. १८२१ मध्ये शेजारचे जमीनदार जेम्स चीप यांनी जमीन विकत घेतली आणि खेळ वाचला. १८९४ मध्ये संसदेच्या कायद्याने मैदान पुन्हा गावाच्या ताब्यात आलं. आज ते चालवतो लिंक्स ट्रस्ट, १९७४ च्या कायद्याने स्थापन झालेला. रॉयल अँड एन्शंटची ती करड्या दगडाची भारदस्त इमारत पहिल्या टीच्या मागेच उभी असल्यामुळे मैदान क्लबचंच असेल, असा बहुतेक पाहुण्यांचा समज होतो. तसं ते नाही. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून क्रिकेट बघणाऱ्याला कुणी पास विचारत नाही, तसंच इथल्या कुंपणाला टेकलेल्या माणसालाही विचारत नाही.

बघ्यांची खरी गर्दी आणली ती रेल्वेने. १८५२ मध्ये ल्यूकर्सहून सेंट अँड्र्यूजपर्यंतचा फाटा सुरू झाला. शेवटच्या होल्सना लागूनच रूळ गेले, आणि सतराव्या होलच्या कोपऱ्यावर रेल्वेच्या शेड उभ्या राहिल्या. त्यांच्यावरून चेंडू मारण्याचं धाडस हा खेळाचाच भाग बनला. १९६९ मध्ये हा फाटा बंद पडला. त्या जागेवर आता हॉटेल आहे, पण खेळाडूंना शेडचा अडथळा मिळावा म्हणून जुन्या शेडच्या घाटाची बांधणी तशीच ठेवली आहे. ओपन बघायला येणारा आजही ल्यूकर्सलाच गाडीतून उतरतो आणि पुढे बस पकडतो. स्टेशनमास्तरच्या जुन्या घरात आता ‘जिगर इन’ नावाचा पब आहे. सतराव्या होलच्या कडेचा हा पब ओपनच्या आठवड्यात पाय ठेवायला जागा नाही इतका भरलेला असतो.

ओपन इथे पहिल्यांदा आली १८७३ मध्ये. त्या काळात गर्दी म्हणजे खेळाडूंच्या मागोमाग फेअरवेवरून चालणारा जमाव. दोर नव्हता, स्टँड नव्हते. जमाव कधी किती बेफाम व्हायचा ते १८७० मध्ये मसलबर्ग इथे दिसलं. ओल्ड टॉम मॉरिस आणि विली पार्क यांच्या पैजेच्या सामन्यात स्थानिक लोकांनी इतका गोंधळ घातला की पंचांनी खेळ थांबवला आणि टॉम जवळच्या पबमध्ये जाऊन बसले. सेंट अँड्र्यूजचं मैदान सांभाळणारे हेच टॉम. रविवारी मैदान बंद ठेवण्याचा दंडक त्यांच्या नावावर सांगितला जातो. खेळणाऱ्याला विश्रांती नको असली तरी गवताला हवी, असा त्यांचा हिशेब. अठराव्या होलच्या ग्रीनला त्यांचं नाव आहे. ग्रीनच्या कडेलाच त्यांचं दुकान होतं, म्हणजे तेही दारात उभं राहून बघणारेच.

या गावाने परक्या माणसावर जीव लावला तो अमेरिकी गोल्फपटू बॉबी जोन्सवर. सुरुवात मात्र वाईट होती. १९२१ मध्ये एकोणीस वर्षांचा जोन्स तिसऱ्या फेरीत अकराव्या होलवरच्या बंकरमध्ये अडकला आणि वैतागून त्याने स्पर्धाच सोडली. मैदानाला तो वाटेल ते बोललाही. सहा वर्षांनी तो इथेच ओपन जिंकला, आणि लोकांनी त्याला खांद्यावर उचलून घेतलं. चषक अमेरिकेला न नेता इथेच ठेवायची इच्छा त्याने बोलून दाखवली. १९३० ची अमॅच्युअर स्पर्धाही त्याने इथेच जिंकली आणि त्याच वर्षी तो स्पर्धांतून निवृत्त झाला.

१९३६ ची गोष्ट त्याहून भारी आहे. बर्लिन ऑलिंपिकला जाता जाता जोन्स स्कॉटलंडमध्ये थांबला होता. एखादी निवांत फेरी खेळावी, एवढ्याच विचाराने तो सेंट अँड्र्यूजला आला. कसली जाहिरात नाही, कसली स्पर्धा नाही. पण बॉबी आलाय ही बातमी गावभर झाली, दुकानांना कुलपं लागली, आणि पहिल्या टीवर पाहतो तो काय, हजारो लोक उभे. बक्षीस नाही, चषक नाही, फक्त एक निवृत्त माणूस चेंडू मारतोय आणि अख्खं गाव त्याच्या मागे चालतंय. १९५८ मध्ये त्याला गावाचं मानद नागरिकत्व दिलं गेलं. त्याच्या आधी हा मान मिळालेला अमेरिकी माणूस म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन, तोही १७५९ मध्ये. पाठीच्या कण्याच्या आजाराने जोन्सला तोवर धड चालताही येत नव्हतं.

दरम्यान बघण्याचे पैसे पडू लागले होते. ओपनला पहिल्यांदा प्रवेशशुल्क लागलं १९२६ मध्ये, रॉयल लिदमला. गंमत म्हणजे, आपला बिल्ला विसरलेल्या जोन्सला तिथे तिकीट काढून आत यावं लागलं आणि मग त्याने ती स्पर्धा जिंकली, असं सांगतात. ओल्ड कोर्सवर बाहेरच्यांकडून खेळण्याचे पैसे १९१३ पासून घेतले जाऊ लागले होते, गावकऱ्यांसाठी मात्र खेळ १९४६ पर्यंत फुकट होता. पुढे टेलिव्हिजन आलं, दोर आले, लोखंडी स्टँड आले. फेअरवेवरून चालणारा माणूस कडेला सरकला.

खरं सांगायचं तर कडेवरून हे मैदान बघायला अवघड आहे. सपाट जमीन, मध्येच उंचवटे, उजवीकडे काटेरी गॉर्सची झुडपं. होल्स समुद्राच्या बाजूने खाडीपर्यंत जातात, वळतात आणि परत येतात. जाणाऱ्या आणि येणाऱ्या वाटा एकमेकींना इतक्या चिकटून आहेत की मधे प्रेक्षकाला उभं राहायला जागाच नाही. ग्रीन्ससुद्धा जोडीने आहेत. दुसऱ्या होलची सोळाव्याशी, तिसऱ्याची पंधराव्याशी, पाचव्याची तेराव्याशी. दोन्ही आकड्यांची बेरीज दरवेळी अठरा. खेळाडूच्या मागे फिरणाऱ्याला निम्मा वेळ फक्त टोप्या आणि उडालेले चेंडू दिसतात. म्हणून जाणकार दोनच गोष्टी करतात. सकाळी दूरच्या टोकाला, सातवा आणि अकरावा होल जिथे एकमेकांना छेदतात त्या वळणावर, स्टँडमध्ये जागा धरायची आणि एकाच वेळी दोन-तीन होल बघायचे. दुपारनंतर सतराव्याला यायचं. ग्रीनला चिकटलेला खोल बंकर, मागे डांबरी रस्ता, रस्त्यापलीकडे दगडी भिंत. इथे बसलेल्याला कुणाचा ना कुणाचा तरी घात बघायला मिळतोच. १९७८ मध्ये जपानच्या टॉमी नाकाजिमाचा चेंडू ग्रीनवरून घरंगळून त्या बंकरमध्ये गेला आणि त्या एका होलवर त्याचे नऊ फटके झाले. १९८४ मध्ये टॉम वॉटसनचा चेंडू थेट रस्त्यापलीकडे भिंतीजवळ जाऊन पडला. त्याच सुमारास पुढे अठराव्यावर सेव्हे बायेस्तेरोसचा पट, म्हणजे ग्रीनवरचा हलका फटका, होलच्या काठावर रेंगाळून आत पडला. एकाच नजरेत दोन्ही बघितलेली माणसं त्या दिवशी स्टँडमध्ये होती.

अठराव्या होलची गोष्ट वेगळीच. ग्रीनच्या कडेला घरं, खिडक्या, गच्च्या, आणि पांढरं कुंपण. १९७० मध्ये डग सँडर्सला ओपन जिंकायला इथे जेमतेम तीन फुटांचा पट घालायचा होता. त्याने चेंडूवर जागा घेतली, मधेच वाकून गवतावरची एक काडी बाजूला केली, आणि पट चुकला. दुसऱ्या दिवशी निर्णायक फेरी झाली. तो रविवार होता, एरवी मैदान बंद असण्याचा दिवस. जॅक निकलसने एका फटक्याने बाजी मारली आणि आनंदात पटर हवेत इतका उंच भिरकावला की तो खाली येताना सँडर्सला वाकून बाजूला व्हावं लागलं. १९९५ मध्ये इथेच इटलीचा कोस्तांतिनो रोक्का आधी सोपा फटका चुकला, मग खोलगट भागातून साठेक फुटांचा पट घालून जमिनीवर पालथा पडला आणि मुठी आपटत राहिला. निर्णायक होल्स मात्र जॉन डेलीने जिंकले.

बायकांना मात्र बराच काळ बघ्याचीच भूमिका होती. १८६७ मध्ये त्यांच्यासाठी पटिंगचा वेगळा क्लब निघाला, कारण बाईमाणसाने खांद्याच्या वर हात नेऊन फटका मारणं त्या काळी शोभत नसे. ते उंचसखल पटिंग ग्रीन ‘हिमालया’ या नावाने आजही सगळ्यांना खुलं आहे आणि मैदान बघायला आलेली कुटुंबं तिथे रमतात. ओल्ड कोर्सवर व्यावसायिक महिलांची स्पर्धा व्हायला २००७ साल उजाडलं. लोरेना ओचोआ ती जिंकली. रॉयल अँड एन्शंटने महिला सदस्य घ्यायचं ठरवलं २०१४ मध्ये.

२००० मध्ये टायगर वुड्स चार दिवसांत ११२ पैकी एकाही बंकरमध्ये न जाता आठ फटक्यांनी जिंकला. तेव्हा सुमारे २ लाख ३९ हजार लोक आले होते. २००५ मध्ये निकलसने निरोप घेतला. त्याच्यासाठी एका स्कॉटिश बँकेने त्याचं चित्र असलेल्या पाच पौंडांच्या नोटा काढल्या होत्या. अठराव्या होलच्या वाटेवरच्या जुन्या स्विल्कन पुलावर तो उभा राहिला, आणि अठराव्यावर बर्डी करून गेला. २०१५ मध्ये वाऱ्याने चेंडू ग्रीनवरून आपोआप सरकू लागले, खेळ थांबला आणि स्पर्धा सोमवारपर्यंत लांबली. त्याच वर्षी टॉम वॉटसनने रात्री दहाच्या सुमारास, दिवे लागलेले असताना, शेवटचा पट घातला. तोवर लोक कुंपणाला धरून उभे होते.

कोविडमुळे दीडशेवी ओपन एक वर्ष पुढे सरकून २०२२ मध्ये इथे झाली. तिकिटांच्या सोडतीसाठी १३ लाखांहून अधिक अर्ज आले, २ लाख ९० हजार लोकांनी प्रत्यक्ष पाहिलं. सुमारे अठरा हजार वस्तीच्या गावात हे आकडे किती अंगावर येत असतील याची कल्पना करावी. निकलसलाही त्याच आठवड्यात मानद नागरिकत्व मिळालं, फ्रँकलिन आणि जोन्सनंतरचा तो तिसरा अमेरिकी. शुक्रवारी बाद होत असलेला वुड्स पूल ओलांडून अठराव्याकडे येताना डोळे पुसत होता. पहिला आणि अठरावा होल शेजारी शेजारी असल्याने त्याच वेळी समोरून खेळायला निघालेल्या रोरी मॅक्इलरॉयने टोपीला हात लावला. शेवटच्या दिवशी सगळं मैदान मॅक्इलरॉयच्या बाजूने होतं, पण सलग पाच बर्डी करून चषक नेला कॅमेरॉन स्मिथने.

त्यानंतर सहा-सात महिन्यांनी मैदानाची चर्चा पुन्हा झाली, स्पर्धेमुळे नव्हे. फोटो काढणाऱ्यांच्या पायांनी स्विल्कन पुलाजवळचं गवत टिकत नव्हतं, म्हणून तिथे दगडी फरशी घातली गेली. फोटो बाहेर पडताच जगभरातून आरडाओरडा झाला. सातशे वर्षांचा म्हणवल्या जाणाऱ्या, मेंढपाळांसाठी बांधलेल्या पुलापुढे कुणाच्या तरी परसातला ओटा बांधलाय, असा सूर होता. ट्रस्टने काही दिवसांतच फरशी उखडून गवत लावलं. पूल पायांखाली घालणाऱ्यांनीच पुलाची बाजू घेतली, हे त्यातलं नवल.

ओपन २०२७ च्या जुलैमध्ये इथे परत येणार आहे. स्पर्धेचा शेवटचा दिवस आता रविवारी असतो. एरवी दर रविवारी ओल्ड कोर्सवर गोल्फ नसतो. गावकरी कुत्री घेऊन पहिल्या फेअरवेवर येतात, मुलं पुलावरून धावतात, पर्यटक बंकरमध्ये उतरून आपली उंची मोजतात, आणि कुणाला तिकीट लागत नाही. त्या एका रविवारी मात्र कुत्र्यांना शेजारच्या वेस्ट सँड्स किनाऱ्याच्या वाळूवर न्यावं लागेल.