न्यू बेडफर्ड : काय बघायचं, कुठे थांबायचं

तर मंडळी, आज आपण अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या न्यू बेडफर्ड या बंदरात जाऊ. बहुतेक लोक इथे येतात ते हर्मन मेलव्हिलच्या 'मोबी डिक'मुळे, आणि आधी गाठतात ते जॉनी केक हिलवरचं खलाशांचं प्रार्थनाघर, सीमेन्स बेथेल. आत जहाजाच्या पुढच्या टोकासारखं एक व्यासपीठ आहे. सगळे त्याचे फोटो काढतात. गंमत अशी, की ते मेलव्हिलच्या काळातलं नाहीच! १९५६ साली सिनेमा आला, प्रेक्षक येऊन 'ते व्यासपीठ कुठंय?' विचारायला लागले, म्हणून १९६१ मध्ये ते बांधलं.

आपण मात्र भिंतींकडे पाहू. तिथे संगमरवरी पाट्या आहेत. कुणी देवमाशाच्या शिकारीत बुडाला, कुणी डोलकाठीवरून पडला. प्रेतं मिळाली नाहीत, त्यामुळे थडगी नाहीत. घरच्यांना उभं राहायला जागा म्हणून या पाट्या. मेलव्हिल स्वतः जानेवारी १८४१ मध्ये समोरच्या फेअरहेवनमधून 'अकुश्नेट' जहाजावर निघाला, ती माणसं याच धंद्यातली.

धंदा कशाचा? उजेडाचा. देवमाशाच्या चरबीचं तेल दिव्यात जळायचं, यंत्रांना लागायचं. स्पर्म व्हेलच्या डोक्यातल्या मेणाच्या मेणबत्त्या तर विशेष स्वच्छ जळत. (आपण त्याला देवमासा म्हणतो खरं, पण तो मासा नव्हे, सस्तन प्राणी.) सफर तीन-चार वर्षांची, पगार ठरलेला नाही, मिळालेल्या तेलात वाटा. १८५७ मध्ये या एका बंदराची ३२९ जहाजं होती.

प्रार्थनाघरासमोरच व्हेलिंग म्युझियम आहे. 'लगोडा' जहाजाची निम्म्या आकाराची प्रतिकृती आहे, तिच्यावर चढता येतं, मुलांना आवडतं. पण खरं थांबायचं ते छताला टांगलेल्या निळ्या देवमाशाच्या सांगाड्याखाली. १९९८ मध्ये जहाजाच्या धडकेनं मेलेलं ते कोवळं पिल्लू, तरी साधारण ६६ फूट. हाडांतून अजून तेल ठिबकतं, ते काचेच्या भांड्यात जमा होतं. तेल म्हणजे काय, हे शंभर पाट्या वाचून कळणार नाही ते इथे नाकाला आणि डोळ्यांना कळतं.

आता थोडं चालू, सेव्हन्थ स्ट्रीटवर. नेथन आणि पॉली जॉन्सन या कृष्णवर्णीय दांपत्याचं घर. १८३८ मध्ये गुलामीतून पळालेला एक तरुण इथे राहिला आणि नेथनच्या सुचवणीवरून त्यानं 'डग्लस' हे आडनाव घेतलं. तोच फ्रेडरिक डग्लस. जहाजाच्या फळ्यांमधल्या फटी बुजवण्याचं काम त्याला उत्तम येत होतं. गोऱ्या कारागिरांनी बरोबर काम करायला नकार दिला, मग त्यानं मिळेल ती मजुरी केली. आसरा दिला तो याच गावानं, बरं का, आणि हातचं काम नाकारलं तेही याच गावानं. लुईस टेंपल हा इथलाच कृष्णवर्णीय लोहार. देवमाशाच्या अंगातून निसटणार नाही असा भाला त्यानं १८४८ मध्ये घडवला. पेटंट घेतलं नाही, नकला इतरांनी विकल्या.

१८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियात खनिज तेल लागलं. १८७१ मध्ये आर्क्टिकच्या बर्फात ३३ जहाजं सोडून द्यावी लागली, त्यातली बरीचशी इथलीच. माणसं मात्र सगळी वाचली. 

शेवटी धक्क्यावर जा. आज तिथे स्कॅलॉप जातीचे शिंपले उतरतात, आणि मासळीच्या किमतीत हे बंदर अमेरिकेत अग्रेसर आहे. बोटींच्या मध्ये फार पुढे जाऊ नका, तिथे माणसं कामावर असतात.