बोट लागते तेव्हा

वैद्यबांधवहो, मुंबई-कोकण आगबोटींच्या काळात घरोघर ऐकू येणारा ‘बोट लागणे’ हा शब्दप्रयोग आता फारसा कानी पडत नाही. मेअखेरीस मुंबई-गोवा सहलीच्या जहाजावर आम्हांस त्याची पुरती प्रचीती आली.

रात्री वारा वाढला आणि समुद्र खवळला. जहाजाच्या बुडाशी असलेली पंखांसारखी स्थिरके आडवे डोलणे कमी करतात. पुढचा भाग उचलून आपटणे मात्र ती फारसे रोखू शकत नाहीत. आंतरकर्णातील तोलाचे इंद्रिय हालचाल सांगते, तर केबिनच्या भिंतींकडे पाहणारे डोळे स्थैर्य सांगतात. या विसंवादातून हृल्लास, शीतस्वेद व छर्दि उद्भवतात. निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले सूत्र खरे. पण जहाज थांबविणार कोण?

आमच्या पेटीत सुंठ होती. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका डॅनिश अभ्यासात नौदलाच्या ८० प्रशिक्षणार्थींवर खुल्या समुद्रात तिचा प्रयोग झाला होता. १ ग्रॅम चूर्णाने वांती व शीतस्वेद कमी झाले. मळमळ व भ्रम यांत मात्र लक्षणीय फरक आढळला नाही.

शेजारच्या केबिनमधील साठीच्या एका भगिनींस वांत्या होऊ लागल्या, तेव्हा आम्ही आत्मविश्वासाने सुंठ दिली. तासाभरात त्या घामाने भिजल्या, असंबद्ध बोलू लागल्या. जहाजावरील डॉक्टरांनी प्रथम रक्तशर्करा तपासली. ती फार खाली गेली होती! बाईंनी मधुमेहाची गोळी घेतली होती आणि पोटात अन्न ठरले नव्हते. शिरेतून ग्लुकोज देताच त्या सावध झाल्या. घाम आम्हीही पाहिला होता. तो बोट लागल्याचाच, असे गृहीत धरले होते. दर्शन व स्पर्शन झाले, प्रश्न तेवढा राहिला.

म्हणून नम्र विनंती. प्रवासास निघणाऱ्या रुग्णास लघु आहार, जहाजाच्या मध्यभागी खालच्या मजल्यावरील केबिन आणि क्षितिजावर दृष्टी ठेवणे हे अवश्य सांगावे. औषध लाटा उठण्यापूर्वीच घ्यावयास सांगावे. वांती सुरू झाल्यावर ते पोटात ठरत नाही. औषधी दुकानदार बंधूंनीही सुंठीची पुडी देण्याआधी विचारावे, ‘साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे का?’ चालू असल्यास, वांती झाल्यावर काय करावयाचे हे त्यांनी आपल्या डॉक्टरांकडून निघण्यापूर्वीच समजून घ्यावे.

त्या रात्री हा एक प्रश्न आम्ही विचारावयास हवा होता.